जिल्हा ग्रंथालय संघाची वर्गणी भरून वाचनालयाला मिळतं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गावचं ड वर्गाचं (अ, ब, क, ड या सरकारी वर्गांतलं सगळ्यात खालचं) वाचनालय आहे, सचिवपद नुकतंच तुमच्याकडे आलंय आणि पहिल्याच बैठकीत एका सदस्यानं विचारलं, "जिल्हा ग्रंथालय संघाला दरवर्षी वर्गणी कशाला भरायची? अनुदान सरकार देतं. संघाकडून आजवर एक पुस्तक तरी आलं का?" त्यावर काय उत्तर द्यावं, हे तुम्ही विचारलंय. मी अ वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली आणि संघाच्या कार्यकारिणीतही बरीच वर्षं काढली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

त्या सदस्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. संघ अनुदान देत नाही, मंजूर करत नाही आणि अडवूही शकत नाही. तो अधिकार ग्रंथालय संचालनालयाचा, जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचा. संघ म्हणजे सरकारी कचेरी नव्हे, जिल्ह्यातल्या तुमच्यासारख्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन केलेली संस्था आहे. तिची कार्यकारिणी तुमच्याच मतावर निवडून येते. संघाचं बहुतेक उपयोगी काम अनुदानाचा हप्ता येण्याच्या आधी होतं, म्हणून ते जमाखर्चात दिसत नाही. हप्ता वेळेवर आला की कुणी संघाचं नाव काढत नाही, अडकला की मात्र पहिला फोन संघाच्या कार्यवाहांना जातो.

आधी कागदाचं बोलतो, कारण लहान वाचनालयांची गाडी तिथंच रुतते. तुमच्या वाचनालयाला दोन दारं सांभाळायची असतात. एक धर्मादाय कार्यालयाचं आणि दुसरं ग्रंथालय खात्याचं. संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असते आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही. समिती बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, दाखल करायचा, हे बहुतेक गावांत कुणाला ठाऊकच नसतं. शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढला तर त्यावर स्वर्गवासी झालेले अध्यक्ष अजून पदावर असतात. गावात एकोपा आहे तोवर याचं काही वाटत नाही. एकदा दोन गट पडले, की दोघंही समिती आपलीच म्हणतात, बँक सही बदलून देत नाही आणि अनुदान लटकतं. तुम्ही नवे सचिव आहात, तेव्हा हा उतारा या आठवड्यातच काढून बघा. संघात हे अर्ज भरून भरून हात बसलेला एखादा माणूस असतो. वाजवी फीमध्ये काम करणारा वकील आणि सनदी लेखापालही त्यालाच माहीत असतो. एकट्या वाचनालयाला शहरात जाऊन असा वकील शोधायचा तर वर्गणीच्या कितीतरी पट खर्च होईल.

दुसरं दार तपासणीचं. त्यात सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे दाखल नोंदवही, आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक घालून चढवायची वही. तपासणीला येणारा अधिकारी कपाटं मोजत बसत नाही. तो एक बिल उचलतो आणि त्यातली पुस्तकं वहीत कुठं चढली आहेत ते बघतो. मग उलट दिशेनं जातो : वहीतली मधलीच एखादी नोंद घेतो आणि 'हे पुस्तक दाखवा' म्हणतो. पुस्तक हातात आलं की शीर्षकपानाच्या मागं दाखल क्रमांक आहे का आणि आतल्या ठरलेल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आहे का, ते पाहतो. देवघेवीच्या नोंदीशी एकदोन क्रमांक ताडून बघतो. पंधरा मिनिटांत त्याला वाचनालयाची नाडी कळते.

संघातर्फे आम्ही तपासणीच्या आधी भेटी द्यायचो, तेव्हा एका वाचनालयाची वही अशीच उघडली. अक्षर सुरेख, समास आखलेले. पण चार ठिकाणी व्हाइटनर लावून आकडे बदललेले, भेट आलेली आणि विकत घेतलेली पुस्तकं एकाच ओळीनं चढवलेली, भेटीच्या पुस्तकांपुढं किमतीचा रकाना कोरा. शिवाय एका बिलाची तारीख मार्चअखेरची आणि त्यातली पुस्तकं वहीत फेब्रुवारीतच दाखल! लबाडी काही नव्हती. पुस्तकं आधी आली, बिल नंतर आलं आणि ग्रंथपालबाईंनी पुस्तकं आल्या दिवशीच चढवली. तपासणी अधिकाऱ्याला हे कोण समजावणार? आम्ही त्यांना विक्रेत्याच्या डिलिव्हरी चलनाची प्रत शोधून बिलाला जोडायला लावली. व्हाइटनरच्या जागी शेरा रकान्यात खुलासा लिहून ग्रंथपाल आणि सचिव दोघांच्या सह्या घ्यायला सांगितल्या. भेटीच्या पुस्तकांना छापील किंमत लिहून समोर 'भेट' अशी नोंद आणि देणाऱ्याचं नाव. हे सगळं एका दुपारचं काम होतं. तपासणीत हेच निघालं असतं तर त्रुटीचं पत्र, मग पूर्तता, मग पुन्हा पत्र, आणि तोवर हप्ता गेला असता.

तुमच्यासाठी एवढंच लक्षात ठेवा, की वहीत चूक झाली तर तांबड्या शाईची एक रेघ, वर बरोबर मजकूर, बाजूला सही. खालचं वाचता आलं पाहिजे. फाटकी, वाळवी लागलेली पुस्तकं परस्पर रद्दीत घालू नका. यादी करा, समितीचा ठराव घ्या, बाद करण्याची रीतसर पद्धत संघाला विचारा आणि मगच हात लावा. बाद न केलेली पण कपाटात नसलेली पुस्तकं हा तपासणीतला सगळ्यात अवघड प्रश्न असतो.

२०१२ साली महसूल खात्यामार्फत राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची पडताळणी झाली, ती जुन्या मंडळींना अजून आठवते. ज्यांची वही आणि कपाट जुळत होतं त्यांना काही झालं नाही. ज्यांचं ग्रंथालय पाटीपुरतं होतं ते उघडे पडले आणि त्यांच्याबरोबर काही प्रामाणिक पण अव्यवस्थित वाचनालयंही भरडली गेली. त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षं थांबले. म्हणून कुणी 'ड चा क करून देतो' म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. वर्गबदलाचं खात्याचं जे काही पत्रक निघेल ते संघाला कळतंच. ते तुमच्यापर्यंत पोचवणं संघाचं काम आहे आणि पोचलं नाही तर जाब विचारणं तुमचं.

प्रशिक्षण हा संघाच्या कामाचा दुसरा मोठा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात टिकाऊ. ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेचे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत संघ चालवतात, परीक्षा संचालनालय घेतं. शिकवायला जिल्ह्यातलेच अनुभवी ग्रंथपाल असतात, तेही नाममात्र मानधनावर. तुमच्या ग्रंथपालाला तिथं पाठवा म्हणून मी आग्रह धरतो, त्यामागं एक साधा हिशेब आहे. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजार ४८ हजार झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला तर २४ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. एवढ्या पैशात रोज दार उघडणारं माणूस बहुधा गावातली एखादी गृहिणी नाहीतर शेती सांभाळून येणारा तरुण असतो. त्याला पगारात जास्त काही देता येत नाही. निदान हातात एक प्रमाणपत्र द्या, म्हणजे पुढं मोठ्या ग्रंथालयात किंवा शाळेत अर्ज तरी करता येईल.

वर्गात दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत, शिकवतात. त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्या पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक, त्यातलं कथा-कादंबरी वाङ्मय ८९१.४६३ मध्ये. गावच्या वाचनालयात निम्म्याहून जास्त कपाटं या एकाच आकड्याखाली येणार! मग लेखकाच्या नावाचं चिन्ह, मग पुन्हा त्यातला क्रम. परीक्षेसाठी हे शिकावंच, मोठ्या ग्रंथालयात ते लागतंच. पण दोन-अडीच हजार पुस्तकांच्या वाचनालयात विषयाचं अक्षर आणि चालू क्रमांक, एवढ्यावर काम उत्तम चालतं. वाचकाला पुस्तक दोन मिनिटांत सापडलं की झालं. वर्गात शिकवलं म्हणून सगळ्या पुस्तकांचे क्रमांक पुसून नवे घालायला बसलेले ग्रंथपाल मी पाहिलेत. सहा महिने वाचनालय विस्कटलेलं असतं आणि वाचक कंटाळून यायचे थांबतात.

आता पुस्तकांकडे वळतो. 'संघानं एक पुस्तक दिलं नाही' हे खरं असेल, पण पुस्तकं घेताना संघ तुमचे पैसे वाचवू शकतो. ग्रंथोत्सवात किंवा संघाच्या अधिवेशनाला जोडून भरणाऱ्या प्रदर्शनात अनेक ग्रंथालयं एकदम खरेदी करतात, तेव्हा प्रकाशक एरवीपेक्षा बरी सवलत देतो. मात्र सवलतीच्या आकड्याला भुलू नका. फक्त ग्रंथालयांच्या गळ्यात मारायची म्हणून छापलेली पुस्तकं बाजारात असतात. शंभर पानांवर चारशे रुपये छापायचे आणि सत्तर टक्के सवलत द्यायची. बिल सुरेख दिसतं, खर्चाची बाजू जुळते आणि पुस्तक कपाटात जाऊन बसतं ते कायमचं. ओळखायची खूण सांगतो. पानांच्या मानानं किंमत बघा आणि तेच पुस्तक शहरातल्या नेहमीच्या दुकानात कुणी मागतं का, ते विचारा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाठोडं घेऊन दारात येणाऱ्या विक्रेत्याकडून तर काही घेऊच नका. त्यापेक्षा वाचकांच्या मागण्यांची एक वही काउंटरवर ठेवा आणि ती घेऊन प्रदर्शनाला जा.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनाही याच रांगेत येतात. कोलकात्याची ही केंद्र सरकारची संस्था १९७२ सालची. समान निधी योजनेत राज्याचा आणि प्रतिष्ठानचा वाटा एकत्र करून पुस्तकं घेतली जातात आणि ग्रंथालयांना वाटली जातात. असमान निधीत इमारत, संगणक, बालविभाग, महोत्सवी वर्ष अशा गोष्टींना मदत मिळते. तुमच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होत आली असतील तर आत्ताच विचारा. असे प्रस्ताव कागदांअभावी परत येतात : जागेचा उतारा नाही, अंदाजपत्रकावर सही नाही, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडलेले नाहीत. ज्याचा प्रस्ताव मंजूर झालाय अशा शेजारच्या ग्रंथालयाची फाइल संघामार्फत मागून घ्या आणि तिच्याकडे बघत तुमची तयार करा. अर्जाच्या सूचना वाचत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

जिथं संघ कमी पडतात, तेही सांगायला हवं. जगात ग्रंथालयांचे अनेक संघ एकमेकांची पुस्तकं आणि नोंदी वापरण्यासाठी उभे राहिले. आपल्याकडचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याच साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ५४ महाविद्यालयांनी एकत्र येऊन ओसीएलसी नावाची संस्था काढली. कल्पना साधी : एका ग्रंथालयानं पुस्तकाची तालिका (सूचीतली नोंद) केली की बाकीच्यांनी ती वापरायची, तेच काम प्रत्येकानं पुन्हा करायचं नाही. १९७१ पासून ते संगणकावर सुरू झालं आणि पुढं जगभर पसरलं. आपल्या जिल्ह्यात एकच नवी कादंबरी शंभर वाचनालयं विकत घेतात आणि शंभर ग्रंथपाल तिची नोंद स्वतंत्र करतात. शेजारच्या गावात कुठली पुस्तकं आहेत ते आपल्याला माहीत नसतं.

आणि ही काही परकी गोष्ट नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानात गावोगावी ग्रंथालयं उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालयातून लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत जायची, वाचून झाली की पेटी परत, नवी पेटी रवाना. पुढं तिथं ग्रंथालयांना पुस्तकं आणि सामान पुरवणारं एक सहकारी मंडळही निघालं. सहकाराचं एवढं मोठं जाळं विणणाऱ्या महाराष्ट्रात ग्रंथालयांचा सहकार मात्र निवेदनं आणि अधिवेशनांच्या पुढं फारसा सरकला नाही. याची खंत मला संघात असतानाही होती.

पण हे तालुक्यापुरतं तुम्ही करू शकता, त्याला संघाच्या परवानगीची गरज नाही. पाच-सहा वाचनालयं ठरवा. प्रत्येकानं पन्नास पुस्तकांची एक पेटी भरायची आणि दर दोन महिन्यांनी ती पुढच्या गावाला द्यायची. नोंदीची अडचण सगळ्यांना पडते, तिच्यावर उपाय आहे. पुस्तक ज्याच्या दाखल वहीत आहे त्याचंच राहतं. पेटी घेणाऱ्या वाचनालयाला 'संस्था सभासद' करून घ्या आणि पेटीतली पुस्तकं त्या सभासदाच्या नावावर देवघेव वहीत दाखवा. म्हणजे तपासणीच्या दिवशी पुस्तक कपाटात नसलं तरी ते कुठं आहे, हे वहीवरून सांगता येतं. पेटीत यादीच्या दोन प्रती ठेवा आणि देताघेताना दोघांनी सह्या करा. बोलीवर ठेवलेला असा व्यवहार दुसऱ्या फेरीतच मोडतो. संगणक असेल तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय किंवा कोहा ही आज्ञावली घेता येते, पण सुरुवात साध्या एक्सेलच्या यादीनं करायलाही हरकत नाही. कोहा चालवायला माहीतगार माणूस लागतो. तो नसताना ती घेतलेली वाचनालयं वर्षभरात पुन्हा वहीवर आलेली आहेत.

राहिला आवाजाचा मुद्दा. अनुदानवाढ ही कुणा एका वाचनालयाच्या अर्जावर होत नाही. २०१२ची दुप्पट वाढ असो की २०२२ची ६० टक्के, त्यामागं जिल्हा संघ, विभाग संघ, राज्य संघ आणि कर्मचारी संघटना यांची निवेदनं, मोर्चे, विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनातले खेटे असं सगळं आहे. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचं दुखणं मात्र समित्या बसूनही तसंच राहिलं. केरळात ही रचना वेगळी आहे. १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांनी ४७ ग्रंथालयांचा संघ उभा केला. आज तिथं तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तिन्ही पातळ्यांवर ग्रंथालयांनी निवडलेल्या परिषदा आहेत, इमारतींच्या करावर ग्रंथालय उपकर आहे आणि अनुदान या परिषदांमार्फतच जातं. आपल्या कायद्यात उपकराची तरतूदच नाही. सगळी भिस्त दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर. त्यामुळे आपला संघ मागणारा राहिला, देणारा झाला नाही. तुमच्या सदस्याच्या प्रश्नाचं मूळ बघायला गेलं तर इथं आहे.

सगळे संघ सारखे नसतात, हेही सांगून टाकतो. तीच माणसं वर्षानुवर्षं पदावर, सभेत फक्त सत्कार आणि जेवण, हिशेबाची प्रत मागितली की कपाळाला आठ्या, असे संघ आहेत. 'तपासणीचा खर्च' म्हणून कुणी संघाच्या नावानं रोख मागितली तर पावती मागा. पावती देत नसेल तर ते काम संघाचं नव्हे. अशा संघाची वर्गणी बंद करून काही सुधारत नाही, उलट तुमचा मताचा हक्क जातो. तालुक्यातली दहा वाचनालयं एकत्र येऊन वार्षिक सभेला गेली तर कार्यकारिणी बदलते, कारण सभेला मुळात येणारेच थोडे असतात.

तेव्हा बैठकीत तुमचं उत्तर असं द्या, की यंदाची वर्गणी भरू आणि वर्षभर संघाकडून काम करून घेऊन बघू. संघाला तीन गोष्टी लेखी मागा : दाखल वहीची तपासणीपूर्व पाहणी, चेंज रिपोर्टसाठी मार्गदर्शन आणि ग्रंथपालासाठी प्रमाणपत्र वर्गात जागा. पत्र समितीच्या ठरावाच्या प्रतीसह द्या, जावक क्रमांक घाला, पोच घ्या. दिवाळीच्या आसपास पाठवलंत तर बरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये संघाच्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या ग्रंथालयाची बिलं लावायची असतात, तेव्हा ती कुणाच्या गावाला यायला मोकळी नसतात. उत्तर आलं नाही तर वार्षिक सभेच्या आधी स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत घेऊन सभेत उभे राहा.